मेंढरामागं गेलेत

फोन उचलून ज्ञानबानं सांगून टाकलं की ज्ञानबा घरी नाहीत. आता याला काय म्हणावं? माणूस खोटं बोलतो ते काहीतरी पदरात पडावं म्हणून बोलतो. इथं तसलं काहीच नव्हतं. हिंगोलीत लेकाच्या घरी, पुढच्या खोलीतल्या पलंगावर, पाठीशी दोन उशा घेऊन तो बसला होता आणि समोरच्या गच्चीवर एक बाई गादी उन्हात घालत होती तिच्याकडं बघत होता. बायको शकुबाई गिरणीवर गेलेली, लेक हरीश खताच्या दुकानावर, सून पुनम अंगणवाडीवर, नात आरोही शाळेत. उशीखालचा फोन वाजला, आणि औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातली कुणी बाई, बातम्या सांगतात तसल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "ज्ञानबा संतराम गडदे यांचा नंबर ना हा? ज्ञानबा आहेत का?" आणि हा गडी एका दमात म्हणाला, "न्हाईत. मेंढरामागं गेलेत."

"कधी येतील?"

"सांगता येत न्हाई."

"तुम्ही कोण बोलताय?"

"घरचाच हाय."

"मग त्यांना निरोप द्या," बाई म्हणाली. "मुलाचा फोन लागत नाही म्हणून या नंबरवर केला. एक बेड रिकामा झालाय. डॉक्टर परवा त्यांचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन घेऊ म्हणताहेत, त्यासाठी उद्या सकाळी भरती व्हावं लागेल. येणार की नाही ते दुपारपर्यंत कळवा, नाहीतर मला पुढच्या पेशंटला बोलवावं लागेल. वर्षभर थांबलेत हो ते, विसरू नका."

"सांगतो," ज्ञानबा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्यानं फोनकडं बघितलं. हिरवं बटण दाबायचं, बाई, मीच तो, जीभ घसरली, म्हणायचं, की झालं काम. अंगठा बटणावर ठेवलाही त्यानं. पण ती विचारणार, मग मघाशी कोण बोललं? अंगठा त्यानं काढून घेतला. त्याला खरंच कळत नव्हतं. घसा त्याचा, आवाज त्याचा, पण बोलणं त्याचं नव्हतं, शकुबाईचं होतं. दिवाळी झाली की ज्ञानबा मेंढरं घेऊन निघायचा, कनेरगाव नाक्यावरून पुढं वाशीमकडच्या वावरांत. शेतकरी रात्रीची मेंढरं वावरात बसवून घ्यायचे, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे, आणि मिरग जवळ आला की तो गावाकडं वळायचा. मधल्या आठ महिन्यांत दाराशी कुणीही येवो, तलाठी येवो, जनगणनेचा मास्तर येवो, मताच्या चिठ्ठ्या वाटणारा येवो, शकुबाई चुलीपुढून न उठता सांगायची, न्हाईत, मेंढरामागं गेलेत. कवा येतील? सांगता येत न्हाई. पुरं नाव घेऊन विचारणारा माणूस म्हणजे काहीतरी मागायला आलेला, हे त्या घराला पक्कं माहीत. आळीतल्या सगळ्याच मेंढरंवाल्यांच्या घरी हेच उत्तर असायचं आणि विचारणारेही पुढं सवयीचे झाले, उत्तर यायच्या आधीच पाठ फिरवायचे. ज्ञानबावर मात्र ते सांगायची पाळी जन्मात आली नव्हती. कशी येणार? तो तर मेंढरामागं असायचा.

एकदा तेवढी मोठी गंमत झाली होती. त्या वर्षी अंगात ताप घेऊन तो मधेच घरी आला, पडून राहिला, आणि बरं वाटलं तसा घरामागच्या दगडावर अंघोळीला बसला. पुढच्या दाराशी कुणीतरी हाक दिली, ज्ञानबा गडदे हायेत का? आणि शकुबाई सवयीनं म्हणाली, न्हाईत, मेंढरामागं गेलेत. माणूस गेला. ज्ञानबा अंगाला साबण लावलेला, तांब्या हातात धरून तसाच बसून राहिला. हसू यायला पाहिजे होतं, आणि आलंही थोडंसं, पण त्याच्या आधी असा एक क्षण गेला की त्याला ते खरंच वाटलं. घरची बाई इतक्या खात्रीनं सांगते म्हणजे ज्ञानबा तिकडंच असणार, मग या दगडावर ओलाचिंब होऊन हे कोण बसलंय? डोक्यावर पाणी ओतलं तेव्हा कुठं जिवात जीव आला. शकुबाईला त्यानं हे कधी सांगितलं नाही. सांगणार तरी काय? साबण लावता लावता मी हरवलो होतो म्हणून?

तसंच आत्ता झालं होतं, फक्त आता ओतायला पाणी नव्हतं. छातीत धडधड सुरू झाली होती, ती कानात येत होती, आणि उताणं पडलं तर दम लागेल म्हणून तो उशा सावरून आणखी सरळ बसला. ही छाती गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी दुखायला लागली. दुखायला म्हणजे दुखत नव्हती, पुरत नव्हती. चढ आला की मेंढरं वर आणि हा खाली, काठीला टेकून. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरनं सांगितलं ते ज्ञानबाला बराबर समजलं. काळजात एक झडप असते, ती पुरती उघडेना झालीय, रक्त मागं दाटतंय. काट्याच्या कुपाटीतल्या अरुंद वाटेनं मेंढरं काढताना अशीच दाटतात, मागची पुढचीच्या पाठीवर चढते, हे त्यानं जन्मभर बघितलेलं. तिथवर काहीच तकलीफ नव्हती. तकलीफ पुढच्या बोलण्यानं झाली. छाती उघडू, काळीज थांबवू, तेवढा वेळ मशीन रक्त फिरवील, जुनी झडप काढून नवी बसवू आणि काळीज पुन्हा चालू करू. तरणा डॉक्टर, बोलता बोलता पेनाचं टोपण काढघाल करत होता. ज्ञानबानं विचारलं, "आन् तेवढ्या येळ मी कुठं असतो, सायेब?" डॉक्टर हसला. "इथंच आजोबा, टेबलावर. कुठं जाणार तुम्ही?" हरीश हसला, दाराशी उभी असलेली नर्स हसली, मग ज्ञानबाही हसला, कारण सगळे हसत होते. पण त्यानं गमतीनं विचारलं नव्हतं. झोपलेला माणूस कुठं असतो ते ठीक आहे, त्याचं काळीज चालू असतं. मेलेला कुठं जातो तेही लोक काही ना काही सांगतात. पण थांबवून ठेवलेला? परतीच्या बसमध्ये तो हेच घोळवत बसला, आणि हरीशला वाटलं बापाला गाडी लागलीय, म्हणून त्यानं लिंबू आणून दिलं.

मग सुरू झालं ते थांबणं. पहिल्यांदा बोलावलं तर दाढा किडलेल्या निघाल्या. आधी त्या काढा म्हणाले, दातातली घाण रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसते. दाताचा आणि काळजाचा संबंध शकुबाईला अजून पटलेला नाही, पण दाढा गेल्या. हिरड्या भरेपर्यंत नंबर मागं गेला. मग ताप आला. मग मोठे डॉक्टर परदेशी गेले. मग सरकारी मदतीच्या मंजुरीची मुदत संपली, ती पुन्हा आणा. दर वेळेस तिकडून एकच, कळवू. त्यात पहिल्या तारखेला सगळं गणगोत भेटून गेलेलं. नारळ, सफरचंदं, बिस्किटाचे पुडे, नुसती रीघ. चुलतबहीण नानीबाई गळ्यात पडून रडली, लहानपणच्या भांडणांची माफी मागून मोकळी झाली, तिनं जणू कामच उरकून घेतलं. आणि तारीख पुढं गेली. एकदा रडून निरोप दिलेल्या माणसाला लोकांनी पुन्हा काय म्हणावं? आता कुणी भेटलं की विचारतं, झालं का? न्हाई अजून, म्हटलं की समोरचं तोंड असं होतं की यात याचीच काहीतरी चूक आहे. नानीबाई पुन्हा फिरकली नाही. ज्ञानबाला तिचा राग नव्हता, उलट त्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं, येतो म्हणून उठलेला पाहुणा पुन्हा ओट्यावरच बसून राहिला म्हणजे होतं तसं.

मेंढरं पुतण्याला, गोपीचंदला, देऊन टाकली, कारण ऑपरेशन झाल्यावर उन्हातान्हात हिंडणं जमणार नव्हतं. गाव सोडून हिंगोलीत आला, कारण इथून दवाखान्याची गाडी धरायला बरं. तंबाखू सोडली. घोंगडी गेली, चादर आली. म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्यानं आधीच सुरू करून टाकलं, फक्त ऑपरेशन तेवढं राहिलं. एखाद्या सकाळी छाती इतकी मोकळी असायची की वाटायचं, आपण बरे झालो, उगाच हे खूळ घेऊन बसलो. आणि एखाद्या दिवशी मोरीपासून पलंगापर्यंत येताना भिंत धरावी लागायची, तेव्हा कुणी विचारलं असतं तर आत्ताच्या आत्ता फाडा म्हणाला असता. दोन्ही दिवशी माणूस तोच होता का? ज्ञानबाला शंका होती. मागच्या तपासणीला बाकड्यावर कळमनुरीकडचा रूपसिंग भेटला, त्याची झडप बदलून दोन वर्षं झालेली. "ऐका तर खरं," म्हणून त्यानं सदऱ्याचं बटण काढून ज्ञानबाचं डोकं आपल्या छातीशी धरलं. भर दवाखान्यात दोन म्हातारे असे, लोक बघायला लागले. आतून टिक टिक येत होतं, अगदी स्वच्छ. "झोप येते का?" ज्ञानबानं विचारलं. "पयले न्हाई येत होती," रूपसिंग म्हणाला, "आता ते ऐकू न्हाई आलं तर घाबरून उठतो." असला आवाज घेऊन कळपात शिरलं तर मेंढरं बुजतील का, एवढंच त्या वेळी ज्ञानबाच्या डोक्यात आलं. मग आठवलं, मेंढरं आता आपली कुठं आहेत.

समोरची बाई गादी उलटी करून गेली. ऊन खिडकीतून आत येऊन पलंगाच्या पायाशी पोचलं. आपण किती वेळ असे बसलोय ते ज्ञानबाला सांगता आलं नसतं. दुपारपर्यंत म्हणाली होती बाई. दुपार कुठून कुठपर्यंत धरायची? त्यानं फोन घेतला, पण दवाखान्याचा नंबर सोडून गोपीचंदचं नाव काढलं आणि दाबलं. का, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. ज्ञानबा खरंच तिकडं आहे का, एवढं एकदा बघून घ्यावं असं काहीतरी.

"काका? काहून फोन केला? तारीख आली काय?"

"न्हाई," ज्ञानबा म्हणाला. झालं, हे दुसरं खोटं. "कुठं हायस?"

"नाक्याच्या अलीकडं. सोयाबीन निघालं न, मोकळ्या वावरात बसवून राहिलो."

फोनमधून मेंढरं ओरडत होती. मोठ्यांचा घोगरा आवाज, मधेच एखाद्या कोकराचा बारीक, आणि घुंगराची खळखळ. ज्ञानबाच्या नाकात तो लोकरीचा उग्र वास आला, हिंगोलीच्या त्या फरशी पुसलेल्या खोलीत, आणि त्याचे डोळे भरून आले.

"काळतोंडी कशी हाय?"

"गाभण हाय. सुस्त झालीय, मागं मागं ऱ्हाते."

"हाकलू नको तिला. तिच्या तिच्या चालीनं येऊ दे." मग तो म्हणाला, "गोप्या, माझ्याबद्दल इचारतं का कुनी तिकडं?"

"इचारतात की. ज्याच्या वावरात जातो तो इचारतो, म्हातारं कुठं गेलं यंदा. मी सांगतो, घरी हाय."

"घरी हाय म्हनतो?"

"मंग काय म्हनू?"

खरंच, दुसरं काय म्हणणार बिचारा. ज्ञानबानं फोन ठेवला. तिकडं विचारलं तर घरी आहे आणि घरी विचारलं तर तिकडं गेलाय. दोन्ही ठिकाणी सांगणारा घरचाच माणूस, दोघांचाही आवाज खात्रीचा. मग मधल्या रस्त्यावर शोधावं का? बसमधून येता-जाता दिसतात तसले ते ढाबे, उसाचे ट्रॅक्टर, मैलाचे दगड. त्यातल्या एखाद्या दगडावर ज्ञानबा बसला असेल, टेकला असेल दम खायला, आणि कुणी त्याला हाक मारत नसेल. त्याला एकदम भीती वाटली. डॉक्टरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच असलं तर? काळीज न थांबवताच, टेबलावर न घेताच, लोकांनी त्याला वर्षभर थांबवून ठेवला होता, आणि तेवढा वेळ तो कुठंच नव्हता.

दार ढकलून शकुबाई आत आली, कमरेवर पिठाचा डबा घेऊन. "लाइट गेल्ती मेली," ती म्हणाली. "गिरनीवर बसून बसून पाठ धरली. अवं, घाम काहून फुटला? गोळी घेतली का न्हाई?"

"फोन आल्ता."

"कुनाचा?"

"दवाखान्याचा."

तिनं डबा खाली ठेवला. "आन्?"

"उद्या भरती व्हा, परवा करतो म्हनं. ज्ञानबा हायेत का म्हनं."

"मंग?"

"न्हाईत म्हनलो. मेंढरामागं गेलेत म्हनलो."

शकुबाई हसली. आधी हसलीच ती, चांगली खळखळून, कारण तिचंच बोलणं या माणसाच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की हा चेष्टा करत नाही. तिचा हात तोंडाकडं गेला आणि ओठांना पीठ लागलं. आता ही आरडाओरडा करील, हरीशला फोन लावील, असं ज्ञानबाला वाटलं, आणि तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण ती भुईवर बसली, पलंगाच्या पायाला टेकून.

"जायचं न्हाई का तुमाला?" तिनं विचारलं. "खरं सांगा. दवाखान्यापायी पोरगं पळून राहिलं, म्या पळून राहिले, अन् तुमी एकदाबी व्हय म्हनलं न्हाई की न्हाई म्हनलं न्हाई. आमी आपलं धरून चाललो, व्हयच असंल म्हनून."

"कळंना," ज्ञानबा म्हणाला.

"भेव वाटतं?"

लग्न झाल्यापासून तिनं त्याला असलं काही विचारलं नव्हतं. लांडग्यांनी एका रात्रीत कोकरं फाडली होती तेव्हाही नाही. त्यानं छताकडं बघितलं. "काळीज थांबवतेत म्हनं," तो म्हणाला. "तेवढ्या येळ मी कुठं असंन?"

शकुबाई हसली नाही. तिनं बराच वेळ विचार केला, जसा भाजीत मीठ किती पडलं याचा करायची. "मला काय ठावं," ती म्हणाली. "तुमी कुठं असता ते मला कवा ठावं होतं? आठ आठ म्हैने. कोन्या गावाला, कोन्या वावरात, जित्ते का मेले. लोकाला सांगायचे मेंढरामागं गेलेत अन् आत येऊन बसायचे. वाट बघायचे, दुसरं काय करायचे? आताबी बघीन. बाकड्यावर बसून बघीन."

ज्ञानबानं तिच्याकडं नीट बघितलं. वर्षभर थांबून तो असा उसवून गेला होता, आणि ही बाई इतकी वर्षं थांबली आणि कुणी तिला एकदा तरी विचारलं का, की बाई, तुझी छाती पुरते का? त्याला तिच्यापुढं लाज वाटली आणि तिचा आधारही वाटला, दोन्ही एकदम, आणि त्यातलं कुठलं खरं हे ठरवत बसायला आता वेळ नव्हता. त्यानं फोन उचलला, दवाखान्याचा नंबर काढला आणि हिरवं बटण दाबलं. पलीकडं बरीच रिंग गेली.

"बाई, ज्ञानबा बोलून राहिलो. ज्ञानबा संतराम गडदे."

"आलात का आजोबा?" आवाज तोच होता, पण आता दमलेला. "अहो, किती उशीर. जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबले मी, मग डॉक्टर म्हणाले, पुढच्यांना बोलवा. जवळा बाजार गावच्या एक बाई आहेत, त्या निघाल्यासुद्धा. लहान मूल आहे त्यांना."

चांगलं झालं, असं म्हणायला पाहिजे होतं. लेकुरवाळी बाई, तिचा जीव मोलाचा, आपलं काय, आपली उन्हं उतरली. असं बोलायची रीत ज्ञानबाला येत होती, तोंडाशी तयारही होतं ते सगळं. पण आतून जे वर आलं ते भलतंच होतं. त्याला त्या न बघितलेल्या पोरीचा राग आला. ती आता एसटीत बसली असेल, पिशवी मांडीवर घेऊन, लेकरू सासूपाशी ठेवून, आणि त्याच्या जागेवर झोपायला चालली असेल. राग इतका खरा होता की त्याच्या हातानं फोन घट्ट आवळला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याला शंका राहिली नाही की हा हात कुणाचा.

"ती माझी जागा हाय," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"माझी जागा हाय बाई ती. सकाळी फोनवर मीच होतो. दुसरं कुनी न्हाई, मीच. भेलो मी. भेऊन तोंडाला आलं ते बोललो." त्याला दम लागला, तरी तो थांबला नाही. "माझं नाव काढू नका. मला जगायचंय."

पलीकडं कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिची चाकं वाजली. शकुबाई भुईवरून वर बघत होती, ओठाला पीठ तसंच.

"नाव नाही काढलेलं, आजोबा," बाई म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "कळवते मी. फोन जवळ ठेवा." आणि फोन बंद झाला.

ज्ञानबा रडायला लागला. त्याला आवाज न करता रडता येत नव्हतं, सवयच नव्हती, त्यामुळं ते रडणं मोठं आणि वेडंवाकडं झालं, समोरच्या गच्चीवर गादी काढायला आलेली बाई वाकून बघायला लागली. शकुबाई उठली, खिडकीचा पडदा ओढला आणि पलंगावर त्याच्या शेजारी येऊन बसली.

"जागा गेली," तो म्हणाला.

"दुसरी येईल."

"कवा?"

वर्षभरात हरीशनं विचारलं होतं, पुनमनं विचारलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, छोट्या आरोहीनंसुद्धा विचारलं होतं, कवा. ज्ञानबानं कधीच विचारलं नव्हतं. शकुबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाठ तापली होती आणि आत ते काळीज दाटून दाटून चाललं होतं.

"येईल," ती म्हणाली.

"पन कवा? सांग की. कवा येईल?"

तो विचारतच राहिला.